आठ गुण कुठे गेले?



आपण अन्यायाविरुद्ध बोलतो, लढतो. पण तो अन्याय लहानपणी मनात जाऊन बसतो आणि पुढे आपल्याच घरात काय करतो, याविषयी आपण फारसे बोलत नाही. म्हणून माझी हकिकत लिहीत आहे.

१९७५ साली मी तालुक्याच्या शाळेत पाचवीत गेलो. वर्गात आमच्या वस्तीतला मी एकटाच. शिष्यवृत्तीची यादी वाचताना माझे नाव आले की मागच्या बाकावरून आवाज येई, "सरकारचा जावई!" मुले हसत. गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखे करीत. मधल्या सुट्टीत माझे दप्तर गटारात जाई. एकदा माझ्या गणिताच्या वहीवर कोणीतरी शाईची दौत ओतली. मी रात्री कंदिलाजवळ बसून ती वही नव्याने उतरून काढली. आई शेजारी बसून होती. ती म्हणाली, "बाळा, त्यांचं चुकलं तर नुसतं चुकतं. आपलं चुकलं की जात निघते. तू चुकू नको."

आई शिकलेली नव्हती, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी ते गाठीला बांधले. दहावी झालो, पदवी घेतली, १९८८ साली सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. प्रत्येक बेरीज मी चार-चार वेळा तपासायचो. कागदावर खाडाखोड झाली तर पुन्हा पहिल्यापासून लिहायचो. शर्टाची इस्त्री मोडली असेल तर घराबाहेर पडायचो नाही. लोक म्हणत, माणूस फार शिस्तीचा. मलाही तसेच वाटे. आज कळते, ती शिस्त नव्हती, भीती होती. मागच्या बाकावरून पुन्हा आवाज येईल ही भीती.

२०१३ साली माझी मुलगी दहावीला ९२ टक्के मिळवून पास झाली. वस्तीत पेढे वाटले. मी गुणपत्रिका हातात घेतली आणि विचारले, "आठ कुठे गेले?" तिने हातातला पेढा पुन्हा बॉक्समध्ये ठेवला आणि ती आत निघून गेली. मला त्यात काही चुकले असे वाटलेसुद्धा नाही.

दोन वर्षांनी कचेरीत पगारपत्रकात माझी एक चूक झाली. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त झाली, कोणी रागावले नाही. पण माझी झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि पाचवीचा वर्ग डोळ्यांपुढे यायचा. जेवणाची चव गेली. रविवारी विहारात जाणे सुटले. अंगात काही नसताना हातपाय उचलवेनात. दोन महिने असे गेले. मग 'आपण नसलो तर बरे' असा विचार येऊ लागला, तेव्हा मात्र मी घाबरलो. एका रात्री मुलीजवळ बोललो. ती एवढेच म्हणाली, "बाबा, उद्या सिव्हिलला जाऊ."

केसपेपर काढून आम्ही मानसोपचार विभागात बसलो. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की, हा नैराश्याचा आजार आहे, हा मनाचा दुबळेपणा नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आपल्या मनाने बंद करू नका. लहानपणाविषयी बोलायला समुपदेशकाकडेही पाठविले. पुढे माझ्या वाचनात आले की, १९५८ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या साडेसात हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. ज्यांचा लहानपणी वारंवार छळ झाला, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे हे माझ्या एकट्याचे नव्हते.

आपण मुलांना बाबासाहेबांचा अठरा तासांचा अभ्यास सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आणखी एक सांगत नाही. बडोद्यात ते नोकरीसाठी गेले होते, तेव्हा पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे. एवढ्या मोठ्या माणसाने आपले दुःख लपविले नाही. मग आपण का लपवावे?

बरे वाटायला मला वर्ष लागले. एके दिवशी मी मुलीला म्हणालो, "ते आठ गुण विचारायला नको होते." ती म्हणाली, "बाबा, मला अजून आठवतं ते." मग थोड्या वेळाने तिने आम्हा दोघांसाठी चहा ठेवला. चहा उतू गेला. मी फडके घेऊन धावलो नाही, तसाच बसून राहिलो. ती हसली.

माझे एवढेच सांगणे आहे. मूल शाळेतून गप्प-गप्प घरी आले तर गुण नंतर विचारा. आधी विचारा, शाळेत कोणी काही बोलले का? बोलले असेल तर शाळेत जाऊन जाब विचारा. तो भार मुलावर टाकू नका. आणि घरात कोणाची झोप, भूक, उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, तर सरकारी दवाखान्यात न्या. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फुकट बोलता येते, मराठीतही.

आपल्या मुलांनी खूप शिकावे. पण चुकायचा हक्कही त्यांना मिळाला पाहिजे. तो त्यांना पहिल्यांदा घरातच मिळू द्या.

जयभीम.