कोरियांचे न उभारलेले गिरणगाव

दादरच्या गोखले रोडवरून रोज जाणाऱ्यांना पोर्तुगीज चर्च ठाऊक असते ते पत्ता सांगण्याची खूण म्हणून. आजची वास्तू 1970च्या दशकातली. ती चार्ल्स कोरियांनी घडवली, हे फार थोड्यांना माहीत असते. काँक्रीटची उंच, निमुळती छपरे आणि मधले मोकळे चौक अशी तिची रचना.

मूळ गोव्याच्या कुटुंबात 1930 साली सिकंदराबादेत जन्मलेल्या कोरियांनी अमेरिकेत शिक्षण घेऊन 1958 साली मुंबईत व्यवसाय थाटला. त्यांचा एक आग्रह आयुष्यभर टिकला: आपल्या हवामानात उघड्या आकाशाखालची जागा ही घराचीच एक खोली असते. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कंबाला हिलवरच्या 'कांचनजंगा'मुळे त्यांचे नाव जगभर झाले. ती इमारत मात्र श्रीमंतांची. गिरणगावासाठी त्यांनी केलेले काम कागदावरच राहिले.

1982च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने, ढोबळमानाने, तिचे तीन वाटे केले: शहराच्या मोकळ्या जागांसाठी एक, म्हाडाच्या घरांसाठी दुसरा, मालकासाठी तिसरा. 1996 साली राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. प्रत्येक गिरणीने आपापल्या कोपऱ्यातला तुकडा दिला, तर हाती चिंध्याच येतील. वाटे एकत्र जुळवले, तर सलग उद्याने आणि रस्ते मिळतील, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. शिंप्यालाही कळावी इतकी साधी गोष्ट!

अहवाल बाजूला पडला. 2001 साली नियमच बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची; शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल ग्राह्य धरला. शहराच्या वाट्याला आलेली जमीन त्यामुळे फार आक्रसली.

गिरण्यांच्या जागी कार्यालये आणि मॉल आले. तिथे कामाला येणारी माणसे मात्र जुन्याच स्थानकांतून, जुन्याच पुलांवरून येत राहिली. कोरिया 16 जून 2015 रोजी मुंबईत वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, 29 सप्टेंबर 2017च्या पावसाळी सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. 23 माणसे गेली.