दोन ते आठ

आमच्या घरी फाइल एमबीत मोजत नसत. ‘किती रात्रींची आहे?’ असं विचारत.

अगदी सुरुवातीला डायल-अप होतं. मॉडेमवर ५६ के लिहिलेलं असलं, तरी सेकंदाला चार-पाच केबी आले म्हणजे खूप. पाच एमबीचं गाणं वीस मिनिटं खायचं, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत कुणी फोन उचलला की सगळं पहिल्यापासून.

२००६ साली ब्रॉडबँड आलं. वेग २५६ केबीपीएस. दिवसा मोजून वापरायचं, रात्री दोन ते सकाळी आठ मात्र हवं तेवढं. त्या सहा तासांत सहाशे एमबीच्या आसपास उतरायचे आणि मला हवी होती उबंटू या संगणकप्रणालीची ७०० एमबीची सीडी. म्हणजे दोन रात्रींची. बरोबर दोनला डाउनलोड मॅनेजर आपोआप सुरू होई. पहिल्याच रात्री चारला लोडशेडिंग झालं. पण हा मॅनेजर पलीकडच्या सर्व्हरला सांगू शके, ‘माझ्याकडे इथवरचं आहे, पुढचं दे.’ सगळे सर्व्हर हे ऐकत नसत. जो ऐके त्याच्याबद्दल मला माणसाबद्दल वाटावी तशी कृतज्ञता वाटे. तुटलं तिथून पुन्हा जोडता येतं, हे केवढं मोठं आहे!

आजी पहाटे पाचला बंब पेटवायला उठे. वीज पुन्हा गेली तर कुठवर आलं होतं ते कळावं, म्हणून मी तिला पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा लिहून ठेवायला सांगितलं. तिला मराठी आकडे येत, इंग्रजी नाही. तिने ते चित्रासारखे बघून कालनिर्णयवर उतरवले.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास फाइल पूर्ण झाली. मग ती जशीच्या तशी उतरली का हे कळावं म्हणून तिच्या एमडी-५ या पडताळणी-खुणेची बत्तीस अक्षरं मी एकेक करून ताडून पाहिली. एकही चुकलं नव्हतं. आजी मागे उभी होती. “आलं का रे सगळं?” एवढंच तिने विचारलं.

आता त्याहून कितीतरी मोठी फाइल चहा गाळेपर्यंत येते. ती सीडी कुठे गेली ठाऊक नाही. कालनिर्णयचं ते पान मात्र मी जपलंय. एकादशीच्या चौकटीत अडुसष्टचा आकडा आहे, इंग्रजी वळणाचा. त्यातल्या आठचे दोन गोल तिने वेगवेगळे काढलेत, एकावर एक, एकमेकांना न टेकलेले.