वन्संचा रिपोर्ट

आमच्या वन्संना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं आणि चार पानी रिपोर्ट घरात आला. मी मराठीची बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पण इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढेच सरकवला जातो. 'हे' म्हणाले, "वाच, आणि ताईला समजेल असं सांग."

वन्संचं वय बावन्न. आठ महिने शौचातून रक्त जात होतं, पण बाई कोणाजवळ बोलल्या नाहीत. शेवटी जवळच्या एका दवाखान्यात गेल्या, तर न तपासताच मूळव्याधीचं मलम मिळालं. मूळव्याध म्हटलं की आपण बायका निर्धास्त! हिमोग्लोबिन सातावर आलं, बदलापूर स्टेशनचा पूल चढताना धाप लागू लागली, तरी सगळे म्हणत होते, पाळी जायचं वय आहे, होतं असं. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली तेव्हा घर हादरलं.

त्यात भाच्याने कुठेतरी वाचलं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजल्या की रोगी किती जगेल ते कळतं. आपल्या रिपोर्टात तर तो आकडाच नाही! आईचा ब्लॉक दुसरीकडे पाठवायचा, रक्तवाहिन्या बंद करणारं महागडं इंजेक्शन आणायचं, त्यासाठी ठेव मोडायची, इथवर पोर येऊन ठेपलं.

मी आधी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी छान सांगितलं. आपल्या कुळगावात नवी इमारत उठते तेव्हा सुरुवातीला टँकरवर भागतं. मजले चढायचे तर मोठ्या लाइनीवरून नळजोड हवाच. गाठीचंही तसंच. एक-दोन मिलिमीटरपर्यंत ती आजूबाजूने झिरपेल त्यावर जगते, पुढे तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. अमेरिकेतले सर्जन डॉ. जुडा फोकमन यांनी हे १९७१ साली मांडलं. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना धुमारे फुटतात, हे नंतर उलगडलं.

आता ब्लॉक म्हणजे काय, तर काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा. त्याचा पापुद्र्याहून पातळ काप घेऊन सीडी३१ किंवा सीडी३४ ही खूण ओळखणारं रसायन लावलं, की रक्तवाहिन्यांचं अस्तर तपकिरी दिसतं. मग जिथे दाटी जास्त तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. (हे काप बघणाऱ्यांची नावं आपल्या कानावरही येत नाहीत. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. मला हे नाव आत्ता कळलं.)

भाच्याने वाचलं ते अगदीच खोटं नव्हतं. या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्या दाट असतील तर धोका जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. काहींत मात्र दिसलं नाही. कुठली जागा निवडली, कुठला रंग वापरला, किती म्हणजे दाट, यावर आकडा बदलतो. एकाच डब्यातली डाळ सासूबाईंनी मोजली आणि मी मोजली तरी वाटी सारखी भरत नाही, तसंच हे! म्हणून नेहमीच्या रिपोर्टात तो घालत नाहीत. सर्जन भाच्याला म्हणाले, "तो आकडा आणलास तरी मी औषध बदलणार नाही."

मग त्यांनी रिपोर्टातलं काय बघायचं ते बोट ठेवून दाखवलं. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, आणि लिम्फच्या गाठी किती तपासल्या. त्या निदान १२ तरी तपासायला हव्यात. वन्संच्या १७ पाहिल्या, २ मध्ये कॅन्सर होता; म्हणजे तिसरा टप्पा. यकृत, फुप्फुसं स्वच्छ. इंजेक्शनचंही तेव्हाच मिटलं. बेव्हासिझुमॅब हे त्याचं नाव. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली, ती पसरलेल्या आजारासाठी. गाठ काढून झाली आणि आजार पसरलेला नाही, अशांना देऊन पाहिलं तर मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. उलट त्याने जखम भरायला वेळ लागतो. ठेव वाचली.

केमोचे चार फेरे झाले. फ्रीजमधलं भांडं हाताला लागलं की वन्संच्या बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून दूध-भाजी मी बाहेर काढून ठेवायची. "वहिनी, राणीसारखी बसवलीस गं मला," म्हणायच्या. कित्येक महिन्यांनी हसल्या होत्या त्या.

त्याच ब्लॉकवरची एक तपासणी मात्र सर्जननी आवर्जून करून घेतली होती, एमएमआर नावाची. हा आजार घराण्यातून आलाय का, याचा सुगावा तिच्यातून लागतो. वन्संच्या बाबतीत तसं काही निघालं नाही. तरीही साठीच्या आत हा कॅन्सर झालेल्या माणसाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीलाच, किंवा रोग्याच्या त्या वेळच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची असते. भाच्याला अजून अवकाश आहे. आमचे 'हे' एक्केचाळीस पूर्ण झाले. "गणपती होऊ देत," म्हणतात. मी तारीख घेऊन ठेवली आहे, गणपतीच्या आधीची.