भुजा कुठे वळते?

आठ इंची दुर्बिणीतून एम-51 या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा खरोखर दिसतात का, या एका प्रश्नाने नायगावचे एक जुने आकाशनिरीक्षक अजून झपाटलेले आहेत. दीर्घिका शोधायला कष्ट पडत नाहीत. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीपासून जरा सरकलं की दोन धुरकट ठिपके येतात. मोठी एम-51, धाकटी एनजीसी 5195. खरी अडचण त्यापुढची. मोठ्या ठिपक्याभोवती हलकासा वळसा उमटतो, तो डोळ्याला दिसतो की आजवर पाहिलेले फोटो मनच तिथे चितारून देतं?

साठी उलटल्यावर हा प्रश्न जास्तच टोचू लागला. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर उघडते, या वयात पाचाच्या आसपास. त्याने दुर्बिणीतून पाहताना फारसं बिघडत नाही. शंभर पट वर्धनाला आठ इंचीतून बाहेर पडणारा झोतच दोन मिलिमीटरचा असतो. नडतं ते डोळ्यातलं पिवळट होत गेलेलं भिंग. ते निळा उजेड अडवतं, आणि तरुण ताऱ्यांनी भरलेल्या भुजांचा उजेड नेमका निळसर.

जॉन हर्शेलचं उदाहरण ते वारंवार काढतात. 1833 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रात एम-51भोवती एक कडं आहे, एका बाजूला दुभंगलेलं. इतका कसलेला डोळा, पण भुजा नाही. 1845मध्ये आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉसने 72 इंची आरशातून पाहिलं आणि कागदावर भोवरा उतरला. तोवर दीर्घिकेचा फोटो कुणी काढलाच नव्हता. रॉसकडे आठवायला काही नव्हतं, म्हणून त्याची साक्ष पक्की.

अशी साक्ष त्यांना एका शाळकरी शिष्येकडून मिळाली, माळशेजच्या पठारावर. तिने एम-51चा फोटो कधी पाहिला नव्हता. लाल दिव्याखाली बराच वेळ पेन्सिल चालवून तिने विचारलं, "काका, हा बाक बरोबर आहे का?" चित्रातली भुजा पुस्तकातल्या फोटोच्या उलट वळली होती. दुर्बिणीला डायगोनल, नजर वळवणारा आरसा, लावलेला होता, म्हणजे प्रतिमा आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटलेली. भुजा उलटीच दिसायला हवी. फोटो आठवून काढणाऱ्याचं चित्र फोटोच्या बाजूने वळलं असतं.

त्यांना आनंद झाला आणि पोटात दुखलंही. 'मला काहीच दिसत नाही' असं शेजारचा म्हणाला की आपल्याला दिसतं याचा तोरा त्यांनी वर्षानुवर्षं मिरवला. तो मान आता त्या मुलीचा होता, आणि तो सोडणं त्यांना अजून जड जातं.

कॅमेरेवाल्यांवर मात्र त्यांचा राग आहे. मोबाइलवर चित्र पाठवणारी दुर्बीण मांडायची आणि स्वतः डोळा लावायचाच नाही, हे त्यांना निरीक्षण वाटत नाही. संशोधनाची गोष्ट वेगळी. 2025मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाची. तिथे डोळा पोचणारच नाही. एम-51पर्यंत तो पोचतो.

नायगावातून आता सप्तर्षीच फिके दिसतात. पुनर्विकासाच्या टॉवरांवरचे दिवे रात्रभर विझत नाहीत. खगोल मंडळाने मुंबईकरांना जिथे आकाश दाखवलं त्या वांगणीवरही बदलापूरचा उजेड चढलाय. शहराने अंधार इतक्या सहज जाऊ दिला, हे त्यांना मान्य नाही.

एप्रिलच्या अमावास्येच्या आसपास मध्यरात्री एम-51 उत्तरेला बासष्ट अंशांवर येते. घरात तिचा फोटो न पाहिलेलं कुणी मूल असेल, तर त्याला कागद-पेन्सिल देऊन अंधाऱ्या जागी न्या, आणि काय दिसायला हवं ते आधी सांगू नका.