साक्ष आणि रोवणीचा गुत्ता

आमच्या लाखांदूर तालुक्यात साक्षीदाराला धमकवायला कुणी कोयता घेऊन दारात येत नाही. रोहिणी-मृगाच्या सुमाराला एक निरोप येतो, ‘यंदा रोवणीले येऊ नको.’ तेवढ्यावर काम भागतं. ज्या बाईच्या नावावर एकही बांधी नाही, तिचं वर्षाचं मीठमिरची रोवणी आणि कापणी या दोन हंगामांवर चालतं. रोवणीचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेणाऱ्या बायकांच्या टोळीतून तिचं नाव वगळलं की पुढचं सगळं आपोआप होतं.

मी अंगणवाडी सेविका आणि तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक. अंगावर काळा कोट नाही, हाती सनद नाही. गळ्यात एक ओळखपत्र असतं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कुठल्या दारावर जायचं ते सांगायचं, गरज पडली तर सोबत जायचं, असं हे काम. बहुतेक वेळ फेरफार, पोटगी आणि निराधारांच्या पगारातच जातो. साक्षीदार या जमातीशी माझी गाठ पडली ती एका वहिनींमुळे. त्यांचं नाव आणि गाव मी लिहीत नाही.

धुऱ्यावरून जुनं भांडण होतं. ऐन रोवणीत ते पेटलं आणि एकानं दुसऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. माणूस वाचला, पण एक हात कायमचा लुळा पडला. शेजारच्या बांधीत बायकांची टोळी रोवणी करत होती. पोलिसांनी जबाब घेतले तेव्हा सगळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. समन्स आले तोवर एकीला आठवेना, दुसरी म्हणाली मी पाणी प्यायला गेलते, तिसरी माहेरी गेली ती परतलीच नाही. वहिनी तेवढ्या उरल्या. विधवा, घरात शाळेत जाणारी पोरगी, आणि ज्याच्यावर खटला त्याच्याच भावकीच्या शेतात वर्षानुवर्षांची मजुरी.

खुनाच्या प्रयत्नाचा खटला सत्र न्यायालयात चालतो, म्हणजे भंडाऱ्याला. लाखांदुरातून सकाळची एसटी पकडायची आणि पवनी, अड्याळ करत जायचं. पहिल्या तारखेला मी सोबत होते. आम्ही बसलो आणि मागून आरोपी चढला, जामिनावर सुटलेला. सोबत दोन पुतणे. कुणी डोळे वटारले नाहीत, उलट अगदी गोड. कंडक्टर आला तसा थोरला पुतण्या म्हणाला, “वहिनीचं अर्धं तिकीट आमच्यातच धरा जी.” बायकांना एसटीत निम्मं भाडं, ते त्याला बरोबर ठाऊक. वहिनींनी लुगड्याच्या गाठीतले पैसे काढेपर्यंत तिकीट फाडून झालं होतं. सगळ्या बसनं पाहिलं, आणि बसमध्ये निम्मी माणसं आमच्याच टापूतली. साक्षीदार कुणाच्या खर्चानं कोर्टात निघाली, हे गावाला संध्याकाळच्या आत कळलं. मला विचाराल तर अशा सभ्यतेपेक्षा शिवी परवडते, निदान तिची तक्रार लिहिता येते.

त्या दिवशी पुकारा झाला, वकिलांनी मुदत मागितली, पुढची तारीख पडली. परतीलाही तीच बस. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, “बाई, मी नाही येत आता. खैरलांजी काय लांब आहे का इथून?”

भंडारा जिल्ह्यात साक्ष हा विषय निघाला की हे नाव निघतंच. बाहेरच्यांना खैरलांजी जातीय हत्याकांड म्हणून माहीत आहे, आणि ते तसंच आहे. पण त्याची ठिणगी एका साक्षीवर पडली होती, हे अनेकांना माहीत नसतं. ३ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबाचे निकटवर्तीय सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी पोलिसांपुढे हल्लेखोर ओळखले. अटक झालेल्यांना २९ सप्टेंबरला जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात सुरेखा, प्रियंका आणि सुरेखांचे मुलगे रोशन आणि सुधीर यांना मारून टाकलं गेलं. सुरेखांचे पती भैयालाल तेवढे वाचले. पुढं खटला चालला, २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, २०१०मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. जामिनाचा आदेश निघाल्यापासून आरोपी गावात पोहोचेपर्यंतचे जे तास होते, त्या तासांत या मायलेकींच्या दारात एक शिपाई उभा करायचं कुणाच्या कामात बसत नव्हतं. तेव्हा तशी तजवीजच नव्हती.

आता आहे. आसाराम बापूच्या बलात्कार प्रकरणांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या महेंदर चावला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ला साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. आपल्या राज्यानं तर त्याआधीच, २०१७मध्ये, स्वतंत्र अधिनियम केला होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही राज्यांनी अशी योजना करावी असं कलम आहे, ३९८वं. एवढं सगळं असून आमच्या वहिनींच्या समन्सवर त्यातली एक ओळ नव्हती. मलाही ते एका प्रशिक्षणात कानावरून गेलं होतं म्हणून आठवलं.

योजना वाचायला सोपी आहे. सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेचा गुन्हा आणि बायकांच्या छेडछाडीचे काही गुन्हे तिच्यात येतात. जिल्ह्यात एक समिती असते. सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव. साक्षीदारानं अर्ज करायचा. पोलीस उपअधीक्षकानं पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. जिवाला धोका असेल तर ‘अ’ वर्ग, सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला असेल तर ‘ब’, नुसता छळ किंवा दडपण असेल तर ‘क’. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत. आणि हे सारं गुप्त ठेवायचं.

अर्ज मी लिहिला, वहिनींनी अंगठा दिला. आणि एका सकाळी गुप्त चौकशीची जीप पोलिसांच्या रंगात, दिव्यासकट, त्यांच्या दारासमोर येऊन उभी राहिली. पोरं गोळा झाली, समोरच्या ओसरीवर आरोपीची चुलती तांदूळ निवडत बसलेली. साहेबांनी अंगणातूनच विचारलं, “काय बाई, कोणाची भीती वाटते का?” वहिनी म्हणाल्या, “नाही जी.” दुसरं काय म्हणणार? साहेब लिहून घेऊन निघाले. माणूस वाईट नव्हता, पंचनाम्याला जातात तसा आला होता.

मी त्याच दुपारी सरकारी वकिलांकडे धाव घेतली. चौकशी पुन्हा झाली, या वेळी अंगणवाडीत, पोषण आहार वाटून झाल्यावर. साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस आल्या आणि लसीकरणाचं रजिस्टर समोर उघडं ठेवून बसल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं वजनंच घेतायत. तिथं वहिनी पहिल्यांदा सगळं बोलल्या. तिकीट, रोवणीचा निरोप, रात्री कौलांवर पडणारे दगड, पोरीच्या शाळेच्या वाटेवर उभी राहणारी मोटारसायकल. या शेवटच्या गोष्टीवर त्या बाईंनी लिहिणं थांबवून वर पाहिलं.

आदेश निघाला. बीटच्या अंमलदाराची फेरी, साक्षीच्या दिवशी सरकारी गाडीनं नेणं-आणणं, कोर्टात आरोपीशी समोरासमोर न येता बसायची वेगळी जागा. योजनेखाली धोका मान्य झालेला साक्षीदार ‘असुरक्षित साक्षीदार’ धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये सांगितलं आहे. तो खटला आपल्याच राज्यातला, स्मृती तुकाराम बडदे यांचा. त्याआधी २०१७मध्ये अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारा, हा आदेशही ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू’ या प्रकरणात आला, त्यातली पीडित मुलगी मूकबधिर होती. म्हणजे देशाला या बाबतीत धडे मिळाले ते महाराष्ट्रातल्या बाया-पोरींच्या खटल्यांतून.

साक्षीच्या दिवशी मध्ये पडदा होता. सरतपासणी लवकर झाली. उलटतपासणीत वकील म्हणाले, “रोवणी करताना माणूस खाली वाकलेला असतो. मग तुम्हाला कुऱ्हाड दिसली कशी?” मला घाम फुटला. वहिनी म्हणाल्या, “साहेब, रोवताना आमी मागं मागं सरकतो. तोंड समोरच असते. मूठ संपली का दुसरी पेंढी घ्याले उभंच राहावं लागते. तवाच दिसलं.” न्यायाधीशांनी लेखनिकाला ते वाक्य जसंच्या तसं टंकायला लावलं. ज्यानं जन्मात चिखलात पाय घातला नाही त्याला हा प्रश्न सुचतो, आणि ज्या बाईनं पाय घातला तिला उत्तर पाठ करावं लागत नाही.

याच काळात त्याच गावच्या एका शेतकऱ्याचं धानाच्या बियाण्याचं प्रकरण माझ्याकडे आलं. एकाच बांधीत काही लोंब्या पिवळ्या, काही अजून फुलोऱ्यात, भेसळ डोळ्यांना दिसत होती. त्याच लॉटचं बियाणं आणखी बऱ्याच जणांनी नेलं होतं, पण सही करायला एकही तयार नाही. कारण कृषी केंद्रवालाच खत उधार देतो आणि दिवाळीपर्यंत थांबतो. हेही साक्षीदारच, फक्त यांना त्या नावानं कुणी ओळखत नाही. संरक्षण योजना यांना लागू नाही, कारण हा सात वर्षांचा गुन्हा नव्हे.

सुदैवानं ग्राहक आयोगाचं काम बहुतेक कागदावर आणि शपथपत्रावर चालतं. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात मान्य केलं आहे. २०१९च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठल्याही राज्यातली असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. या भल्या माणसानं पिशवी, टॅग, मूठभर उरलेलं बियाणं आणि पक्की पावती कोठीत जपून ठेवली होती. तालुका तक्रार निवारण समितीनं बांधीत येऊन पंचनामा केला आणि आम्ही भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. कंपनीनं निकालाआधीच तडजोड केली. पावती फितूर होत नाही. सही न देणारे सगळे नंतर माझ्याकडे आले आणि आमचंही होईल का म्हणाले. त्यातल्या बहुतेकांकडे कच्ची चिठ्ठी होती.

वहिनींचं मात्र कागदावर भागणारं नव्हतं. साक्ष झाली, गाडीनं घरी सोडलं, तीन महिन्यांनी आदेश संपला. दगड थांबले, मोटारसायकलही दिसेनाशी झाली, हा फायदा खराच. पण त्या पावसाळ्यात रोवणीच्या एकाही टोळीनं त्यांना घेतलं नाही. काही दिवस त्या वैनगंगा ओलांडून वडसा भागात मजुरीला गेल्या. येण्याजाण्यातच निम्मी मजुरी जायची.

मग मी योजना पुन्हा काढली. उपायांच्या यादीत घराला कॅमेरा, दूरध्वनी क्रमांक बदलणं, गस्त असं बरंच आहे. त्याच यादीत आणखी एक कलम आहे, ज्याकडे कुणी बघत नाही. स्थलांतरासाठी, निर्वाहासाठी किंवा नवा धंदा सुरू करण्यासाठी साक्षीदार संरक्षण निधीतून वेळोवेळी मदत देता येते. धमकी मजुरीवर असेल तर इलाजही मजुरीवरच हवा, आणि तो कायद्यात लिहून ठेवलेला आहे. वहिनींनी शिलाई मशीन आणि चार शेळ्यांसाठी अर्ज केला. तो अजून मंजूर झालेला नाही, नामंजूरही नाही. खटल्याचा निकालही लागायचा आहे.

समन्स हा छापील कागद आहे आणि त्याची मागची बाजू कोरी असते. तिथं मराठीत चार ओळी छापाव्यात. भीती वाटत असेल तर संरक्षण मागता येतं, अर्ज अभियोग कार्यालयात द्यायचा, निर्वाहासाठीही मदत मिळते, आणि विधी सेवेचा क्रमांक १५१००. यासाठी नवा कायदा लागत नाही, जास्तीची शाई लागेल तेवढी. तोवर तुमच्या शेजारात कुणाला समन्स आलं तर त्यांना हे सांगा, आणि तारखेला सोबत जाणार असाल तर त्यांचं तिकीट तुम्ही काढा.