कशाच्या मानाने?

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली, की पाचवीत मूल घालावयास आलेला एखादा पालक मोठ्या सरळपणे विचारतो, "गुरुजी, बेरीज-वजाबाकी झाली, गुणाकार-भागाकार झाला, पाढेही तीसपर्यंत पाठ आहेत. आता सातवीपर्यंत गणितात नवीन शिकावयाचे राहिले तरी काय?" हा प्रश्न मला नेहमीच आवडत आला आहे. ज्याला आपल्या मुलाच्या तीन वर्षांचा हिशेब हवा आहे, तोच असा प्रश्न करील. शाळेच्या दारात घाईघाईने त्याचे पुरते उत्तर देता येत नाही. म्हणून या वार्षिक अंकाच्या निमित्ताने ते येथे लिहीत आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर, चौथीपर्यंत मूल मोजावयास शिकते, आणि पाचवीपासून ते तुलना करावयास शिकते. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, त्रैराशिक, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, क्षेत्रफळ अशी प्रकरणांची नावे पुष्कळ. परंतु या सर्वांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, आणि तो म्हणजे, 'कशाच्या मानाने?' समोर आलेल्या संख्येस हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, त्याची ही तीन वर्षे सार्थकी लागली असे मी समजतो.

प्रथम अपूर्णांकच घ्या. भाकरीचा सहावा भाग मोठा की आठवा, असे पाचवीच्या वर्गात विचारले, तर निम्मी मुले आठवा म्हणून सांगतात. कारण आठ हे सहापेक्षा मोठे, हे त्यांनी चार वर्षे घोकलेले असते. मग फळ्यावर दोन भाकऱ्या काढाव्या लागतात, आणि खाणारी तोंडे वाढली म्हणजे वाटा लहान होतो, हे मुलांच्या ध्यानात येते. घरात चार भावंडे असलेल्या मुलास हे लवकर पटते!

आपल्या वाडवडिलांस अपूर्णांकांचे भय नव्हते. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तालावर म्हणून घेत असत. औट म्हणजे साडेतीन. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आपल्या मायबोलीत तयारच आहेत, हे आपले केवढे भाग्य! जुन्या रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. त्यामुळे पाव रुपया म्हणजे चार आणे, हे पोरासोरांसही ठाऊक असे. पुढे १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि दशांश पद्धती बाजारात आली. हिशेब सोपा झाला. तथापि दशांशचिन्हाचा तो इवलासा ठिपका नीट सांभाळावा लागतो. सहा क्विंटल चार किलो हे वजन ६.०४ असे लिहावयाचे. कोणी ६.४ लिहिले, तर ते सहा क्विंटल चाळीस किलो होते. सोयाबीनचा भाव क्विंटलास चार हजार रुपये धरला, तर या एका शून्यापायी १,४४० रुपयांचा फरक पडतो. मुलांनो, शून्यास किंमत नसते असे म्हणणाऱ्यास हे उदाहरण अवश्य सांगा.

अपूर्णांकानंतर येते गुणोत्तर, आणि त्याच्या पाठोपाठ त्रैराशिक. याचा सराव आपल्या मुरुड गावच्या जुन्या माणसांस परिस्थितीनेच घडविला होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि १९४७ पर्यंत शेजारची बार्शी इंग्रजी अमलात होती. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली, आणि या दोन नाण्यांच्या मुलखांत माल नेणे-आणणे अधिकच सोयीचे झाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असे प्रमाण होते. तेव्हा शंभर कलदारांस हाली किती? उत्तर येते ११६ रुपये १० आणे ८ पै. कागद-लेखणी न घेता हे करणारी माणसे पेठेत बसत असत. हाली नाणे १९५९ साली चलनातून कायमचे गेले. परंतु त्यातील धडा जुना झालेला नाही. 'रुपया' हा शब्द एकच असला, तरी कोणता रुपया, हे विचारल्यावाचून व्यवहार करू नये, असा तो धडा आहे.

क्षेत्रफळाचेही तसेच. एका शेताची लांबी चाळीस काठ्या व रुंदी दहा काठ्या आहे; दुसरे शेत पंचवीस काठ्या लांब व तितकेच रुंद आहे. बांधाबांधाने चालत गेल्यास दोहोंचा फेरा शंभर काठ्याच भरतो. म्हणून दोन भावांनी ती समसमान मानून वाटून घेतली, तर काय होईल? पहिल्याचे क्षेत्र ४०० चौरस काठ्या आणि दुसऱ्याचे ६२५! बांध मोजणे निराळे आणि जमीन मोजणे निराळे. जो मुलगा हे समजून आहे, त्यास गुंठा म्हणजे ३३ फूट लांब-रुंद चौरस, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे केवळ पाठ करावे लागत नाही. ते त्यास डोळ्यांपुढे दिसते.

आता शेकडेवारीकडे वळू. दुकानदाराने शंभर रुपयांच्या वस्तूचा भाव शेकडा वीसने वाढविला, आणि मग सणानिमित्त शेकडा वीस सूट दिली, तर वस्तू पुन्हा शंभरास मिळेल काय? वर्गातील बहुतेक हात 'होय' म्हणून वर जातात. पण वाढ झाली शंभरावर आणि सूट मिळाली एकशेवीसावर. म्हणून किंमत ९६ रुपये होते. शेकडा वीस खरे, परंतु कशाचे? येथे पुन्हा आपला प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे मोल मला एका प्रसंगाने विशेष जाणवले. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात सरळव्याजाचे प्रकरण चालू होते. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "सर, शेकडा तीन आणि शेकडा बारा, यांत स्वस्त कोणते?" मी म्हणालो, "तूच सांग." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मुदत कळल्याशिवाय नाही सांगता येणार." मग कळले, की तिच्या वडिलांस विहिरीवरील मोटारीसाठी वीस हजार रुपये हवे होते. बँकेने दर बारा सांगितला होता. ओळखीतील एका गृहस्थाने तीन सांगितला होता. बारापेक्षा तीन कमी, म्हणून वडिलांनी त्या गृहस्थास जवळजवळ होकार दिला होता.

मुलीने घरी जाऊन विचारले, "बाबा, तीन म्हणजे महिन्याला की वर्षाला?" चौकशी केली, तेव्हा तो दर दरमहाचा निघाला. वहीच्या पाठच्या पानावर तिने हिशेब मांडला. दरमहा शेकडा तीन म्हणजे महिन्यास सहाशे आणि दहा महिन्यांस सहा हजार. दरसाल शेकडा बारा म्हणजे महिन्यास दोनशे आणि दहा महिन्यांस दोन हजार. एका प्रश्नाने त्या घरातील चार हजार रुपये वाचले. तिचे वडील पुढे मला भेटले, तेव्हा एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरीला गणित कशाला, असं आमच्या घरात आता कुणी म्हणत नाही." मुलींच्या पालकांनी हे वाक्य मनात ठेवावे, अशी माझी त्यांस विनंती आहे.

ज्यांस हा प्रश्न विचारण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचीही आठवण या ठिकाणी होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कर्जाने गांजलेले शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. दंगा आसपासच्या गावांत पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला. त्या उठावाची कारणे अनेक होती. तरीही अंगठा उठवून दिलेल्या ज्या कागदातील अक्षर आणि अंक आपणांस वाचता येत नाहीत, तो कागद माणसास शत्रूसारखा वाटावा, यात नवल नाही. आज सावकारीवर कायद्याचे नियंत्रण आहे. परंतु प्रत्येक सहीच्या वेळी कायदा काही आपल्या शेजारी उभा राहत नाही. सातवी शिकलेले मूल मात्र घरातच असते.

म्हणून पालकहो, एक विनंती. गणिताचा अभ्यास केवळ वहीत ठेवू नका. आडतीवरून आलेली पट्टी मुलांच्या हाती द्या. वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा मेळ त्यांस घालू द्या. विजेचे बिल त्यांस वाचू द्या. परीक्षेत अठरा गुण मिळाले असे मुलाने सांगितले, तर रागावण्यापूर्वी 'कितीपैकी?' असे विचारा. वीसपैकी अठरा आणि पन्नासपैकी चाळीस, यांत पहिला पराक्रम मोठा आहे. आणि उत्तर चुकले तर 'ढ' हा शब्द उच्चारू नका. सहाव्या भागापेक्षा आठवा भाग मोठा म्हणणारे मूल मंद नसते. ते मोजण्याच्या पायरीवरून तुलनेच्या पायरीवर पाऊल टाकीत असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला आधाराचा हात हवा असतो. या पायरीवर घाबरलेली मुले पुढे जन्मभर 'मला गणित येत नाही' असे म्हणत राहतात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस शेवटी एक गोष्ट सांगतो. शुभवर्तमानात ती आहे, आणि मला ती गुणोत्तराचा सर्वांत सुंदर पाठ वाटते. मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक भरपूर दान टाकीत होते. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. त्या काळी त्याहून लहान नाणे क्वचितच असेल. प्रभू येशूने शिष्यांस जवळ बोलावून सांगितले, की सर्वांपेक्षा अधिक दान हिनेच केले. कारण इतरांनी आपल्या विपुलतेतून काही टाकले, आणि हिने होते नव्हते ते सर्व दिले. मोजणाऱ्यास त्या दोन टोल्याच दिसल्या असत्या. तुलना करणाऱ्यास तिचे सर्वस्व दिसले.

सहाध्यायी गरीब असो वा सधन, चपळ असो वा संथ, त्याचे श्रम त्याच्या परिस्थितीच्या मानाने पाहावयास शिका. गणिताच्या तासाला हेही शिकता येते, आणि त्यासाठी कोणतेही वेगळे पुस्तक लागत नाही.