माळावरचा कांदा

वैशाखात अंतरवाली सराटीच्या माळावर हिरवं असं फारसं उरत नाही. बांधावर तेवढं घायपात तग धरून असतं, आमच्याकडचं केकताड. कृषी पदवीला असलेला भाचा सोबत होता. त्याने बोट दाखवलं, "मामा, हा युक्का ना? जालन्यात बंगल्यांपुढे असतो तो."

प्रश्न रास्तच होता. दोन्ही शतावरीच्या कुळातली, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पण झाड लांबून ओळखायचं नसतं, म्हणून आम्ही बांधावर बसलो. पान बुडाशी जाड, गरदार. टोकाला काळपट, टणक काटा. युक्काचं पान याहून बरंच पातळ. टेक्सासच्या चुनखडकात वाढणाऱ्या युक्का रुपिकोलाची पानं तर पीळ घातल्यासारखी वळतात आणि कडेला बारीक दाते असतात. शेजारी एक केकताड दांड्यासकट वाळून उभं होतं. ते एकदाच फुलतं आणि मरतं. बहुतेक युक्का फुलून गेल्यावरही जगतात. भाच्याने पान दगडावर ठेचलं, तर पांढरा वाख मोकळा झाला. याच वाखाचे कासरे आणि चऱ्हाटं गावोगाव वळली गेली.

मग त्याने विचारलं, "या कुळातलं आपलं स्वतःचं काहीच नाही का?"

मी त्याला वर मुरमाड उतारावर नेलं. दोन दगडांच्या फटीतून नुसताच एक दांडा वर आला होता, बुडाशी एकही पान नाही. दांड्यावर मातकट-हिरवट, घंटेसारखी खाली झुकलेली फुलं. रानकांदा! पाऊस नसताना, जमीन तापलेली असताना हा आधी फुलतो आणि पानं पावसात काढतो. हे धाडस मला फार आवडतं. मी बोटांनी मुरूम उकरून कांद्याचा पांढरा गड्डा उघडा केला आणि भाच्याला बजावलं, चाखायचं नाही. हृदयावर परिणाम करणारं विष आहे यात. पायाच्या कुरुपावर लावायला लोक तो खणून नेतात. मला ते बघवत नाही, कारण माळ नांगरला जातोय तशी त्याची जागाही आटतेय.

कांदा पुन्हा मुरमाने झाकला. पानं बघितल्याशिवाय ओळख पक्की करायची नाही, म्हणून भाच्याने वहीत फुलांची नोंद करून पानांचा रकाना कोरा ठेवला आणि आषाढात यायचं ठरवलं.